परदेशातून दत्तक घेतलेल्या लहान मुलीसोबत रोजचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की तुमची प्रक्रिया संपत आलीय, मुलगी तीन वर्षांची आहे, कागदपत्रांबद्दल सगळे भरभरून सांगतात, पण ती घरी आल्यावर रोजचं जगणं कसं असतं हे कुणी सांगत नाही. खरंय. आम्हीही दोन वर्षं फायलींत इतके गाडले गेलो होतो की ती सकाळी उठल्यावर काय करायचं, याचा विचार विमानात बसल्यावर सुरू झाला.

आमची लेक दोन वर्षं आठ महिन्यांची असताना आली, आता सात वर्षांची आहे. ती कुठल्या देशातली, संस्थेत कशी पोचली, हे इथे लिहीत नाही. ती गोष्ट तिची आहे. कुणाला सांगायची, किती सांगायची, ते ती ठरवेल. हा नियम आम्हाला जरा उशिरा सुचला. तोवर निम्म्या नातेवाइकांना सगळं सांगून झालं होतं. तुम्ही आधीच करा.

बुटांपासून सुरुवात करतो. येताना अंगावरचे कपडे सोडले तर तिच्याकडे एकच वस्तू होती: निळे, वेलक्रोचे, एक माप मोठे बूट. ते ती झोपतानाही काढू देईना. पहिल्या रात्री तिला झोप लागल्यावर मी हळूच काढले. सकाळी स्वतःच्या पायांकडे बघून तिचा जो चेहरा झाला, तो बघितल्यावर परत तसं करायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी बायकोने बुटांचे तळ घासून धुतले, वाळवले आणि संध्याकाळी स्वतःच तिच्या पायात चढवले. एकोणीस रात्री पोरगी बूट घालून झोपली. संस्थेत कपडे धुऊन आले की ज्याला बसतील त्याचे, असं असतं हे आम्हाला नंतर कळलं. 'माझं' म्हणावं असं तिच्याकडे बहुधा तेवढंच होतं. विसाव्या रात्री तिने आपण होऊन खर्रकन वेलक्रो सोडला आणि बूट उशाशी ठेवले.

पहिले काही आठवडे ती रात्री रडलीच नाही. किती गुणी मूल, म्हणून आम्ही खूश. एकदा मध्यरात्री पाणी प्यायला उठलो तर ही टक्क जागी, छताकडे बघत पडलेली. कधीपासून, कोण जाणे. रडून कुणी येत नाही हे एकदा कळलं की मूल रडणं सोडून देतं. त्या रात्रीपासून तिची खाट आमच्या पलंगाला चिकटवली. दोनेक महिन्यांनी एका रात्री तिने असं काही भोकाड पसरलं की काय सांगू, आणि आम्ही दोघं अंधारात हसत होतो.

दिवसा मात्र ती कुणाच्याही कडेवर जायची. पाहुणे हरखून जायचे, "अगदी ओळख असल्यासारखी येते हो!" आम्हाला तेच टोचायचं. आईबाप आणि दारावर आलेला माणूस यांत फरक न करणारं मूल अजून कुणाचंच झालेलं नसतं. म्हणून पहिले काही महिने भरवणं, आंघोळ, झोपवणं, पडल्यावर उचलणं फक्त आम्ही दोघांनी करायचं ठरवलं. माझी आई यावर चांगले सहा आठवडे रुसली. "नातीला मांडीवरही घ्यायचं नाही? मग मी आले कशाला?" शेवटी तिला एक काम दिलं: नात रडत आली की "जा, आईबाबांकडे जा" म्हणायचं. तिने ते केलं, दर वेळी डोळ्यांत पाणी आणून. आता दोघींचं गूळपीठ इतकं आहे की आम्हालाच कुणी विचारत नाही.

"बाबाकडे जा" म्हणणं सोपं, पण बाबाकडे ती यायचीच नाही. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायका. पुरुषाचा आवाज, दाढी हे तिने जवळून अनुभवलंच नसावं. मी खोलीत आलो की ती भिंतीला लागायची. दाढी काढून बघितली, उपयोग शून्य. मग रोज संध्याकाळी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचो आणि एकटाच ठोकळे रचायचो. आठव्या का नवव्या दिवशी मागून एक लाल ठोकळा सरकत आला. मी वळलो नाही. आयुष्यात इतकं अवघड काही केलं नसेल. ठोकळा उचलून रचला, तर मागून दुसरा आला.

खाण्याबद्दल थोडक्यात. ती घास गालात धरून ठेवायची, उशीच्या अभ्र्यात खाऊ लपवायची. यावर अजिबात ओरडू नका. तिच्या हाताला येईल असा एक डबा कायम भरलेला ठेवा, न विचारता घ्यायची मुभा द्या. मुंग्या होतात, होऊ द्यात. दीड वर्षाने डब्याकडे तिचं लक्षही राहिलं नाही.

भाषेचं मात्र मला फार लागलं. आम्ही तिच्या भाषेतले चाळीसेक शब्द शिकून गेलो होतो: भूक, शू, दुखतंय, थांब, पुरे, मी इथेच आहे. हे नक्की शिका, पहिल्या आठवड्यात सगळी भिस्त त्यांच्यावरच असते. पण चार महिन्यांत ती मराठी वाक्यं बोलायला लागली आणि वर्षाच्या आत तिची भाषा पुसली गेली. त्या भाषेतली गाणी लावली तर कान झाकून "बंद कर" म्हणायची. आपण तिचं काहीतरी हिसकावून घेतलं, असं मला वाटत राहिलं आणि मी वाचत सुटलो. फ्रान्समध्ये 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून दत्तक आलेल्या मोठ्या माणसांना कोरियन वाक्यं ओळखता आली नाहीत आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही त्या भाषेचा माग दिसला नाही. हे वाचून मी खचलोच. मग 2014 चा मॉन्ट्रियलचा अभ्यास सापडला. त्यातल्या मुली चीनमधून तान्ह्या वयात फ्रेंच बोलणाऱ्या घरांत आल्या होत्या. चिनीतला एक शब्द कळत नव्हता, पण चिनी भाषेतले सूर (तिथे सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो) ऐकवल्यावर त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्यांसारखाच चालला. नेदरलँड्समधल्या 2017 च्या अभ्यासात कोरियातून दत्तक आलेले प्रौढ कोरियन उच्चार इतरांपेक्षा लवकर पकडत होते, अगदी सहा महिन्यांच्या आत आलेलेसुद्धा. आता आम्ही तिच्या मागे लागत नाही. गाणी कधीमधी हळू आवाजात लावतो. ती हल्ली कान झाकत नाही.

डॉक्टरांचं एवढंच, की आधीच्या कागदांवर विसंबू नका. रक्ताच्या तपासण्या नव्याने करून घ्या आणि लशी पुन्हा द्यायच्या का, हे डॉक्टरांना रक्तातल्या अँटीबॉडी (लशीने शरीरात तयार होणारं संरक्षण) बघून ठरवू द्या. संस्थेतल्या दर तीन महिन्यांमागे उंची साधारण महिनाभर मागे पडते, असा एक ढोबळ हिशेब या क्षेत्रातले डॉक्टर सांगतात, त्यामुळे वयाच्या मानाने बुटकी दिसली तर घाबरू नका. आमची पहिल्या वर्षात तरारली. तिचं नागरिकत्व मात्र लगेच पक्कं करा. पालकांनी ते तसंच राहू दिल्यामुळे मोठेपणी अडकलेली दत्तक माणसं आहेत.

लोक विचारणारच. "हिची खरी आई कुठंय?" "किती खर्च आला?" तेही तिच्यासमोर. पहिल्याला आम्ही "ही काय, स्वयंपाकघरात" म्हणतो, दुसऱ्याला उत्तरच देत नाही. सगळ्यांत वैताग येतो तो "नशीबवान हो पोर!" या वाक्याचा. आधी मी "नशीबवान आम्ही" असं म्हणायचो, पण तेही सोडलं. कुठेतरी एका बाईची मुलगी गेली आहे, त्यात नशीब कुणाचं काढायचं? ती घरी आली तो दिवस आम्ही फुगे लावून साजरा करत नाही, त्याचं कारणही हेच. त्या दिवशी ती कधी खुशीत असते, कधी दिवसभर चिडचिड करते, आणि दोन्ही आम्हाला चालतं.

गेल्या वर्षी शाळेत तान्हेपणीचा फोटो आणायला सांगितला. तिचा सगळ्यांत जुना फोटो एक वर्ष दहा महिन्यांचा. बाईंना चिठ्ठी लिहावी का यावर आमचा खल चालू असताना तिने कागदावर एक बाळ काढलं, त्याला निळे बूट रंगवले आणि दप्तरात टाकलं.

त्यानंतर आम्ही एक वही केली. ज्या प्रश्नांची उत्तरं आमच्याकडे नाहीत, ते ती त्यात लिहिते. मी जन्मले तेव्हा सकाळ होती का? माझं नाव कुणी ठेवलं? (नाव आम्ही बदललं नाही, तुम्हीही बदलू नका.) देशादेशांतल्या दत्तकाबद्दलच्या 1993 च्या हेग करारातल्या तिसाव्या कलमानुसार मुलाच्या मूळची माहिती जपणं सदस्य देशांवर बंधनकारक आहे, पण त्या भरवशावर राहू नका. दक्षिण कोरियात 2025 मध्ये सरकारी आयोगानेच परदेशी दत्तकाच्या जुन्या प्रकरणांत खोटी कागदपत्रं झाल्याचं नोंदवलं. तुम्ही तिथे जाल तेव्हा संस्थेतल्या बायकांना जमेल तेवढं विचारा, फोटो काढा, खोलीचा, अंगणाचा, दाराचा. आम्ही दाराचा काढला नाही आणि नेमका तोच ती मागते.

परवा तिने कपाटातून ते बूट काढले. आता तिच्या पंजाच्या निम्मेच आहेत. बराच वेळ उलटेपालटे करून मग वहीत लिहिलं, 'बूट कोणी आणले? एक नंबर मोठे का आणले?' आम्ही दोघं गप्प. तिने पेन्सिल चावली आणि खाली स्वतःच लिहिलं, 'खूप दिवस यावेत म्हणून.'