जपानमधील ‘वासानबोन’ ही मिठाई म्हणजे नुसती साखरच असेल, तर ती इतकी महाग का?

आपला तर्क बरोबर आहे. अस्सल वासानबोनमध्ये साखर आणि साचा भरताना शिंपडलेले किंचित पाणी यांखेरीज काहीही नसते. मात्र जी किंमत आपण मोजतो ती मुख्यतः त्या साखरेचीच असते.

ही साखर शिकोकू बेटाच्या पूर्वेकडील कागावा आणि तोकुशिमा या प्रांतांत होते. अठराव्या शतकात जपानला साखर बहुतांशी नागासाकीमार्गे आयात करावी लागे आणि तिच्यापायी चांदी-तांबे देशाबाहेर जाई, म्हणून आठवे शोगुन (जपानचे लष्करी राज्यकर्ते) तोकुगावा योशिमुने यांनी देशातच ऊस लावण्यास उत्तेजन दिले. पुढे १७९०च्या सुमारास साकियामा शूकेइ या वैद्यांनी आजच्या कागावात पांढरी साखर करून दाखवली.

तिथला ऊस बारीक, बोटाहून थोडाच जाड असतो आणि त्याची तोडणी हिवाळ्यात होते. रस आटवून, मळी काढून, थंड केल्यावर दाणेदार तांबूस राब, म्हणजे काकवीसकट घट्ट झालेली कच्ची साखर, मिळते. खरे कष्ट इथून पुढे सुरू होतात. राब कापडात बांधून लाकडी दाबाखाली ठेवतात. दाबाच्या लांब दांड्याला दगड टांगलेले असतात आणि त्या वजनाने काकवी हळूहळू निथळते. मग तो गोळा फोडून, थोडे पाणी लावून, फळीवर हातांनी मळतात. पाण्यामुळे कणांना चिकटलेली काकवी सुटते आणि रगडण्याने कण अधिकच बारीक होतात. पुन्हा कापड, पुन्हा दाब, पुन्हा मळणे असे अनेकदा करून शेवटी साखर वाळवतात व चाळतात. यंत्राने काकवी काही मिनिटांत वेगळी करता येते, पण मग हा मऊपणा येत नाही. थोडी काकवी शिल्लक राहते, म्हणूनच रंग हस्तिदंती आणि वास मंद असतो.

पुढचे काम सोपे वाटते, पण हात सरावाचा लागतो. आपल्या गुढीपाडव्याच्या गाठींसारखा इथे गरम पाक ओतत नाहीत. दमट केलेली साखर चेरीच्या लाकडाच्या साच्यात दाबून भरतात आणि ठोकून बाहेर काढतात. पाणी जरा जास्त झाले तर वडी दगडासारखी होते, कमी पडले तर फुलाच्या आकाराच्या वडीत पाकळीची कडच तुटते.

विकत घेताना घटकांची यादी अवश्य वाचावी, कारण स्वस्त वड्यांत साधी साखर किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. ‘राकुगान’ नावाने मिळणारी पिठाची वडी हा वेगळा प्रकार आहे. तो वाईट नव्हे, पण त्यासाठी वासानबोनची किंमत देऊ नये. मला ही वडी दुधाच्या चहाबरोबर मुळीच रुचत नाही. पातळ माच्चा (हिरव्या चहाच्या पुडीचा जपानी चहा) पिण्यापूर्वी ती तोंडात ठेवून विरघळू द्यावी, चावू नये. पावसाळ्यात मुंबई-कोकणात आणणार असाल तर डबा हवाबंद हवा. दमट हवेत नक्षी आधी जाते.