आधी मानस, मग बियाणं

बाये,

तुझा आराखडा दोनदा वाचला. खाजनात, म्हणजे गोव्यातल्या खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, हेक्टरी चार टन भाताचं लक्ष्य, त्यासाठी सुधारित वाण, युरिया, लावणीयंत्र. आणि शेवटी तुझाच प्रश्न: बियाणं वाटूनही उतारा का वाढत नाही?

कारण पाण्याचा रकानाच नाही. आधी पाणी ताब्यात, मग बियाणं.

१९६६ साली मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं, हे तू लिहिलंस. ते पिकलं कुठे? पंजाब-हरियाणात, जिथे कालवे आणि कूपनलिकांचं पाणी हवं तेव्हा देता येत होतं. आयआर-८ भाताचं बुटकं वाण खत पचवायचं, लोळायचं नाही. पण खोलगट शेतात पाणी तुंबलं की बुडायचं. देशाचा हिशेबही पाण्यापाशीच अडतो.

आपल्याकडे तर ते खारं. जमिनीची क्षारता, म्हणजे खारेपणा, ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की साध्या भाताचा उतारा घटू लागतो. कोवळं रोप आणि फुलोरा सर्वांत नाजूक. कोरगुट हे आपलं जुनं वाण तग धरतं, ज्योती हे सुधारित वाण धरत नाही.

म्हणून मे महिन्यात, अमावास्येच्या उधाणाला बांधाच्या आतल्या अंगाने चाल. खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपताना दिसेल. बीळ वरून लिंपू नकोस. खणून, चिकणमाती थराथराने चोपून भरायचं. मग मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बघ. तिची फळी भरतीच्या रेट्याने मिटते, ओहोटीला उघडते. फळी कुजली किंवा चौकटीत फट पडली, की दिवसातून दोनदा खारं पाणी आत. मासळीसाठी मानस लिलावाने घेणारा रात्री फळी मुद्दाम उघडी ठेवतो, त्याचं काय? करारात पाण्याची पातळी लिही, दंड लिही. पावसाने मीठ धुऊन ओहोटीबरोबर बाहेर गेल्यावरच लावणी.

बैठकीत मी बांधाचा खर्च पहिल्या ओळीत मागतो, म्हणून मला हटवादी म्हणतात. म्हणोत. बियाण्याचं वाटप एका दिवसात फोटोसकट उरकतं. चोपलेली माती कुणाला दिसत नाही. हा हट्ट मी फार उशिरा धरला, याचीच खंत आहे.

चार टन भात म्हणजे गिरणीतून साधारण २,६०० किलो तांदूळ. रेशनचे माणशी महिना ५ किलो धरले तर ४३ जणांचं वर्ष. एका कुजक्या फळीमागे असे किती हेक्टर आहेत, ते मोज.

तक्ता नव्याने कर. मानशीचं नाव, तिच्यामागची शेतं, फळी कधी बदलली, बांध कुठे झिरपतो. बियाण्याचा रकाना सर्वांत शेवटी. मिरग लागायच्या आत पाठव.