वर्गमूळ शिकवताना मुलांनी बनवलेले पटावरचे खेळ: सापशिडीच्या पुढे कसं जायचं?

तुमचा प्रश्न मी असा समजते: तेरा-चौदा वर्षांच्या मुलांकडून वर्गमूळ या विषयावर गटागटाने पटावरचे खेळ बनवून घ्यायचे आहेत. आधी एकदा केलं, तेव्हा सगळ्या गटांनी सापशिडी आणली, सोबत प्रश्नांची कार्डं जोडली आणि बऱ्याच तासिका रंगवण्यात गेल्या. म्हणून यात वेळ घालवावा का, आणि घालवला तर गुण कशाचे द्यायचे.

घालवावा. पण ‘वर्गमुळावर आधारित खेळ बनवा’ एवढंच सांगितलंत तर पुन्हा सापशिडीच येईल. मुलं ओळखीचा पट घेतात आणि त्यावर वर्गमूळ चिकटवतात. कार्ड उचला, √१४४ किती ते सांगा, बरोबर आलं की फासा टाका. इथे वर्गमूळ म्हणजे टोलनाका झाला. पैसे भरले की गाडी सुटली, पुढच्या रस्त्याशी नाक्याचा संबंध नाही. कार्डांवर देशांच्या राजधान्या लिहिल्या तरी खेळ जसाच्या तसा चालेल. मी हीच कसोटी मुलांच्या हातात देते: विषय बदलला तरी तुमचा खेळ तसाच चालतो का? चालत असेल तर कामाला लागा. आणि अट एकच घालते: प्रश्नोत्तराचं कार्ड चालणार नाही, सोंगटी किती घरं सरकणार किंवा कुठे जाणार हे वर्गमुळानेच ठरलं पाहिजे.

या अटीनंतर येणारा पहिला खेळ बहुधा ठरलेला असतो. १ ते १०० अंकांची कार्डं, पूर्ण वर्ग संख्या आली तर तिच्या वर्गमुळाइतकी घरं पुढे, नाहीतर जागेवरच. पहिल्याच डावात सगळे कंटाळतात, कारण शंभरात पूर्ण वर्ग फक्त १० आहेत. इथे शिक्षकाने गप्प बसायचं. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतंच, ‘पूर्ण वर्ग नसला तरी चालवू या, जवळचं घेऊ.’ अपूर्ण वर्गाचं वर्गमूळ असतं आणि ते दोन पूर्णांकांच्या मध्ये कुठेतरी पडतं, ही गोष्ट आता मुलांनाच हवी असते.

मग ‘जवळचं म्हणजे कोणतं’ यावर भांडण लागतं. एका गटाला खालचा पूर्णांक हवा असतो, दुसऱ्याला सगळ्यांत जवळचा. जवळचा घेणाऱ्यांना भीती असते की वर्गमूळ बरोबर मध्यावर, म्हणजे साडेसहावर आलं तर काय? शोधू द्या. ६.५ चा वर्ग ४२.२५ येतो, साडेसाताचा ५६.२५. कोणताही ‘साडे’ घेतला तरी वर्गाला पाव चिकटतोच, त्यामुळे पूर्णांकाचं कार्ड कधीच बरोबर मध्यावर येणार नाही. नियमपत्रकातली एक ओळ कमी होते, आणि ती का कमी झाली हे मुलांना सिद्धही करता येतं.

खालचा पूर्णांक घेणाऱ्यांचा खेळ आता धावायला लागतो, जरा जास्तच. ‘सारखं आठ नाहीतर नऊच येतंय’ अशी तक्रार होते. तेव्हा सांगायचं की सगळी कार्डं उत्तराप्रमाणे गठ्ठ्यांत लावा. उत्तर १ च्या गठ्ठ्यात ३ कार्डं, २ च्या गठ्ठ्यात ५, मग ७, ९, ११ असं करत ९ च्या गठ्ठ्यात १९. दहाच्या गठ्ठ्यात बिचारं १०० एकटंच. शंभरातली ५१ कार्डं ७, ८ किंवा ९ देतात. १, २ आणि ३ मिळून फक्त १५ कार्डं. लागोपाठच्या वर्गांमधलं अंतर ३, ५, ७ असं विषम संख्यांचं असतं हे पुस्तकात असतंच, पण हे गठ्ठे लावल्यावर ते टेबलावर पायऱ्यांसारखं दिसतं. काही गट कार्डं काढून टाकून तोल साधतात, काही दहाचा गठ्ठा सोडून प्रत्येक गठ्ठ्यातून तीनच ठेवतात. एका गटाने तोल न साधता पटच लांब केला. तेही चाललं, कारण एका चालीत सरासरी सव्वासहा घरं पडतात हे काढून त्यांनी लांबी ठरवली होती.

फाशांचे खेळही चांगले निघतात. दोन फासे टाकायचे आणि त्यांतून दोन अंकी संख्या करायची. ती पूर्ण वर्ग आली तर बोनस. १ ते ६ या अंकांतून १६, २५, ३६ आणि ६४ एवढेच वर्ग बनतात. कोणता फासा दशकाचा हे आधी ठरलं असेल तर ३६ पैकी ४ वेळा बोनस, अंक हवे तसे लावायची मुभा असेल तर ८ वेळा. फाशांचा गुणाकार घेतला तरी ३६ पैकी ८ वेळाच पूर्ण वर्ग येतो. हा योगायोग आहे, पण गुणाकाराची गोष्ट जास्त खोल जाते. दोन्ही फाशांवर सारखा आकडा आला की पूर्ण वर्ग येणार हे उघड आहे. पण १ आणि ४ ही जोडीसुद्धा चालते, २ आणि ३ मात्र नाही. का? हा प्रश्न हाती आला की त्यातून पत्त्यांचा खेळ निघतो: २, ८, १८, ३२, ५० हे एका घराण्यातले, ३, १२, २७, ४८ दुसऱ्या, ५, २०, ४५ तिसऱ्या. एकाच घराण्यातल्या कोणत्याही दोन पत्त्यांचा गुणाकार पूर्ण वर्ग होतो, ८ × १८ = १४४. घराणं ओळखायचं तर अविभाज्य अवयव पाडावे लागतात. √१८ म्हणजे ३√२ हे करणीचं सोपं रूप मुलं हातातल्या पत्त्यांची जोडी लागावी म्हणून करतात. त्यावर वेगळी उदाहरणं द्यायची गरज उरत नाही.

पण एकच खेळ निवडायचा असेल तर मी ठिपक्यांचा निवडेन. ठिपक्यांच्या कागदावर १० बाय १० ठिपके. प्रत्येकाची सोंगटी एका कोपऱ्यात, समोरचा कोपरा गाठायचा. कार्डं √१ ते √२५. जे कार्ड येईल बरोबर तेवढ्या सरळ अंतरावरच्या ठिपक्यावर उडी मारायची. √४ आलं तर दोन ठिपके सरळ. √२ आलं तर एक तिरपी पायरी. √५ आलं की मुलं थांबतात, मग कोणीतरी बुद्धिबळ खेळणारं ओरडतं, ‘घोडा!’ एक आडवं, दोन उभं, आणि पायथागोरसच्या प्रमेयाने अंतर √५. √१३ म्हणजे दोन-तीन, √१० म्हणजे एक-तीन. √२५ साठी पाच सरळ चालतं आणि तीन-चार तिरकंही. पट चारही बाजूंना पुरेसा मोठा असेल तर √२५ ला उतरायला १२ ठिपके मिळतात आणि √१६ ला चारच. म्हणजे मोठं कार्ड म्हणजे मोठी ताकद नाही, आणि ही गोष्ट हरल्यावर पक्की लक्षात राहते. √(९+१६) म्हणजे ३+४=७ लिहिणारी मुलंही इथे सुधारतात, कारण सात ठिपके सरळ मोजले की चूक डोळ्यांसमोर असते.

मग √३ येतं. उतरायला ठिपकाच नाही. √६ ला नाही, √७ ला नाही. गट आधी समजतो की आपल्यालाच सापडत नाहीये. कार्डं एकेक करून तपासली की २५ पैकी १३ कार्डं चालतात आणि १२ चालत नाहीत असं निघतं. चालतात ती १, २, ४, ५, ८, ९, १०, १३, १६, १७, १८, २० आणि २५. दोन वर्गांची बेरीज (शून्याचा वर्गही धरून) म्हणून लिहिता येते तीच संख्या चालते. ३, ७, ११, १५, १९, २३ या सगळ्या अडलेल्या संख्यांना ४ ने भागलं की बाकी ३ उरते हे कोणाच्या तरी लक्षात येतं. त्याचं कारण याच वयात समजण्यासारखं आहे: वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ३ होऊच शकत नाही. ६, १२, १४ वगैरे का अडतात ते लांबचं प्रकरण आहे, ते मी उकलत बसत नाही. एका मुलीने सुचवलं की पट घनाचा करू, म्हणजे √३ चालेल. बरोबर, १ बाजूच्या घनाचा आतला कर्ण √३ असतो. पण √७ तिथेही हुलकावणी देतं, कारण तीन वर्गांतही ७ बसत नाही.

या अडलेल्या कार्डांचं काय करायचं हे गटाने ठरवायचं. काढून टाकायची, डाव चुकवायचा, की ‘जवळात जवळचा ठिपका’ असा नियम करायचा? तिन्ही पर्यायांनी खेळ वेगळा होतो आणि प्रत्येकासाठी मुलांना कारण द्यावं लागतं.

अंदाजाचे खेळ करायचे असतील तर गणकयंत्र एकट्या पंचाकडेच ठेवा. √२० चा अंदाज दोघांनी लिहायचा, जवळचा जिंकला. मुलं लवकरच युक्ती काढतात: १६ ते २५ या ९ पायऱ्यांत २० चौथ्या पायरीवर, म्हणून ४ आणि ४/९, म्हणजे ४.४४. खरं उत्तर ४.४७. दोन लागोपाठच्या पूर्ण वर्गांमधल्या कोणत्याही संख्येला ही युक्ती थोडी कमीच उत्तर देते. दुसरी युक्ती: ४ मध्ये ४/८ मिळवा (८ म्हणजे ४ ची दुप्पट), ४.५, आणि ही नेहमी थोडी जास्त देते. दोन्ही ठाऊक असलेला खेळाडू मधला आकडा लिहितो आणि जिंकतो. बख्शाली हस्तलिखितात, म्हणजे गणिताच्या एका प्राचीन भारतीय पोथीत, या दुसऱ्या युक्तीला आणखी एक दुरुस्ती आहे: मिळवलेल्या अर्ध्याचा वर्ग घ्या, त्याला ४.५ च्या दुपटीने भागा आणि ४.५ मधून वजा करा. ४.४७२२ येतं, म्हणजे तीन दशांश स्थळं अचूक. हुशार गटाला हे द्या आणि बाजूला व्हा.

काही धोके. नियमपत्रकात उदाहरण म्हणून ४ घेऊ देऊ नका. ४ चं वर्गमूळही २ आणि निम्मंही २, त्यामुळे √१६ = ८ समजणारं मूल ते वाचून खुशाल पुढे जातं. ‘वर्गमुळाइतकं पुढे किंवा मागे’ असा नियम काही गट करतात, कारण ५ आणि −५ दोघांचाही वर्ग २५. कल्पना छान आहे, पण √२५ म्हणजे ५ च. दोन्ही दिशा हव्या असतील तर ‘जिचा वर्ग २५ आहे अशी संख्या’ असं लिहायला लावा. आणि ‘शिक्षा: तुमच्या गुणांचं वर्गमूळ घ्या’ हा नियम कोणी आणला तर अडवू नका. १०० चे १०, मग ३.१६, मग १.७८. पण ज्याच्याकडे ०.३६ गुण आहेत त्याला शिक्षेत ०.६ मिळतात! या शिक्षेवरून वर्गात जेवढी चर्चा होते तेवढी दशांश अपूर्णांकांच्या धड्यावर मी कधी ऐकलेली नाही.

रंगांचा प्रश्न सोपा आहे. दुसऱ्या गटाने खेळ पूर्ण खेळून दाखवेपर्यंत फक्त पेन्सिल, साधा कागद आणि सोंगट्या म्हणून बटणं. खेळताना बनवणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही, नियमपत्रकानेच बोलायचं. ‘जवळची संख्या’, ‘मोठं वर्गमूळ’ असले ढिले शब्द या एका फेरीत गळून पडतात. गटात तीन, फार तर चार मुलं. पाचवं मूल सापडतं ते रंगपेटीजवळ.

गुण पटाच्या सौंदर्याला शून्य. निम्मे गुण बदलांच्या वहीला: काय बदललं, का बदललं, आणि त्यामागचा हिशोब. गठ्ठे लावले असतील तर त्यांचे आकडे तिथे हवेत. थोडे नियमपत्रकाला. उरलेले प्रत्येकाला वेगळे द्या: दुसऱ्या गटाचा खेळ समोर ठेवायचा आणि विचारायचं, हा लवकर संपवायचा असेल तर काय बदलशील? गटात मागे बसलेलं मूल इथे लगेच कळतं.

ज्या मुलांना १५ पर्यंतचे वर्ग पाठ नाहीत त्यांच्याकडून हे करून घेऊ नका, त्यांचा सगळा वेळ आकडेमोडीत जाईल. वर्गमूळ काढण्याच्या भागाकार पद्धतीसाठीही खेळाचा उपयोग नाही, तिला सरळ सराव लागतो. आणि दोनच तासिका हातात असतील तर नवा खेळ बनवायला सांगूच नका. १ ते १०० कार्डांचा तो अडखळणारा खेळ तुम्हीच द्या, पहिल्या तासिकेत खेळू द्या, दुसऱ्या तासिकेत दुरुस्त करायला सांगा.