बांटू भाषांतील नामवर्गांचा अभ्यास सुरू करताना

आफ्रिकेतील बांटू भाषांत नामे उपसर्गांनुसार अनेक वर्गांत विभागलेली असतात. हे नामवर्ग कसे बदलत गेले हे समजून घ्यायचे असेल, तर अभ्यासकांनी वर्गांना दिलेले क्रमांक पाठ करण्यात सुरुवातीचे दिवस घालवू नका. विशेषण आणि क्रियापद नामाशी कसे जुळते, याकडे आधी लक्ष द्या. मराठीतही नामाचे लिंग बहुधा तिथेच उघड होते, त्यामुळे ही सवय आपल्याला जड जाऊ नये.

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली या बांटू भाषेपासून आरंभ करावा. 'किताबू किकुब्वा किमेअंगुका', म्हणजे मोठे पुस्तक पडले, यात 'कि' तिन्ही शब्दांवर आहे. हा शब्द मुळात अरबी (आपली 'किताब'ही तिथलीच), पण त्यातील पहिले अक्षर वर्गाचा उपसर्ग मानले गेले आणि अनेकवचन 'विताबू' झाले. याउलट 'किफारू', म्हणजे गेंडा, हा रूपाने त्याच वर्गातला असूनही 'किफारू म्कुब्वा अमेलाला' (मोठा गेंडा झोपला आहे) असेच म्हणतात, 'कि'ऐवजी 'म्' आणि 'अ' लावून, कारण सजीवांची जुळणी माणसांच्या वर्गाप्रमाणे होते. नामाचा उपसर्ग जुनाच राहून बदल आधी जुळणीत शिरतो, तो असा.

वर्ग लुप्तही होतात: केनियातील किकुयू भाषेत लघुत्वदर्शक (लहानपणा दाखवणारे) उपसर्ग 'का' आणि 'तू' टिकून आहेत, तर प्रमाण स्वाहिलीत ते काम 'कि' आणि 'वि' यांच्याकडे गेले आहे. काँगोची राजधानी किन्शासा येथे बोलली जाणारी 'लिंगाला' नावाची बांटू भाषा मात्र घाईने हाती घेऊ नये. तिथे नामांचे उपसर्ग बरेचसे शाबूत दिसतात, परंतु क्रियापद प्रामुख्याने सजीव आणि निर्जीव एवढाच भेद पाळते, आणि केवळ नामांची यादी पाहणाऱ्याला हा बदल दिसतच नाही.