वाचक विचारतात : ‘बॉबीसॉक्स’चा विजय नेमका कोणाचा?

प्रश्न (एक वाचक, कोल्हापूर) : नॉर्वेच्या ‘बॉबीसॉक्स’ या दोन गायिकांच्या जोडीने १९८५ साली युरोव्हिजन गीतस्पर्धा जिंकली. या स्पर्धेत शेजारी देश एकमेकांना गुण देतात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो या विजयालाही लागू होतो का?

उत्तर : माझ्या मते फारसा लागू होत नाही, आणि त्याची कारणे गुणांच्या हिशेबातच सापडतात. ही स्पर्धा ४ मे १९८५ रोजी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे झाली आणि तिच्यात १९ देशांनी भाग घेतला. प्रेक्षकांनी दूरध्वनीवरून मते देण्याची सोय त्या काळी नव्हती. प्रत्येक देशाचे परीक्षक मंडळ आपल्या पसंतीच्या दहा गाण्यांना १२, १०, आणि मग ८ ते १ असे गुण देत असे; स्वतःच्या देशाच्या गाण्याला मात्र गुण देता येत नसत. नॉर्वेला १२३ गुण मिळाले आणि दुसऱ्या क्रमांकावरील जर्मनीला १०५. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड या तिन्ही शेजाऱ्यांनी आपले सर्वोच्च गुण नॉर्वेच्या पदरात टाकले असे गृहीत धरले, तरी त्यांची बेरीज ३६ होते. उरलेले ८७ गुण दूरच्या देशांकडूनच यायला हवेत. आघाडी १८ गुणांचीच होती, त्यामुळे शेजाऱ्यांच्या गुणांना काहीच महत्त्व नव्हते असे मी म्हणणार नाही. परंतु केवळ शेजारधर्मावर पहिला क्रमांक मिळणे शक्य नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

याहून बोलके उदाहरण आधीच्या वर्षांत आहे. १९७८ साली पॅरिसमध्ये यान तेइगेन आणि १९८१ साली डब्लिनमध्ये फिन काल्विक हे नॉर्वेचे गायक शून्य गुणांसह परतले. हेच तीन शेजारी देश त्या दोन्ही वर्षी स्पर्धेत होते आणि त्यांच्यापैकी एकानेही नॉर्वेला साधा एक गुणदेखील दिला नाही. १९६३ सालीही नॉर्वेच्या वाट्याला शून्यच आले होते. शेजाऱ्यांची माया इतकी हमखास असती, तर ही वेळ आली नसती. १९८५ सालच्या सूत्रसंचालिका, स्वीडिश गायिका लिल लिंडफोर्स, यांनी निकालानंतर व्यासपीठावरूनच आपला आनंद लपवला नाही. नॉर्वे इतक्या वेळा शेवटच्या स्थानावर राहिला आहे की हा विजय त्याला मिळायलाच हवा होता, अशा आशयाचे त्या बोलल्या. त्या शब्दांत मला यजमानांच्या औपचारिकतेपेक्षा खरी आपुलकी जाणवते.

मग हे गाणे जिंकले कशामुळे? ‘ला दे स्विंगे’ या गाण्यात जुन्या रॉक अँड रोल संगीताची नशा आहे. सॅक्सोफोनची ठसकेबाज साथ आणि एकदा ऐकले की कानात बसणारे ध्रुवपद ही त्याची बलस्थाने आहेत. मात्र माझ्या दृष्टीने त्याचा खरा प्राण आहे तो दोन आवाजांच्या जुळणीत. हान्ने क्रोग आणि एलिझाबेथ आंद्रेआसेन या दोघी ध्रुवपदात वेगवेगळ्या पट्टीतील सुरांनी एकत्र येतात, आणि एकीने दुसरीला झाकून टाकले असे कुठेही वाटत नाही. ही सफाई अनुभवातून आलेली होती. क्रोग यांनी वयाच्या पंधराव्या वर्षी, १९७१ साली, याच स्पर्धेत नॉर्वेतर्फे गायले होते आणि त्यांचे गाणे १८ देशांत सतराव्या क्रमांकावर राहिले होते. आंद्रेआसेन १९८२ साली ‘चिप्स’ या दुसऱ्या एका जोडीतून स्वीडनतर्फे उतरल्या होत्या. त्यांचे आईवडील नॉर्वेचे, पण जन्म मात्र गोथेनबर्गचा. म्हणजे नॉर्वेला पहिला विजय मिळवून देताना त्या आपल्या जन्मगावीच गात होत्या.

प्रश्न (एक वाचक, डोंबिवली) : अशा स्पर्धेत विजेता कोणाला मानावे : गायकांना, संगीतकाराला की देशाला?

उत्तर : स्पर्धा गाण्यांची आहे, त्यामुळे मूळ कल्पनेनुसार बक्षिसाचा मान गाणे रचणाऱ्याचा असतो. देशाच्या नावाने प्रवेशिका पाठवते ती तिथली प्रक्षेपण संस्था. नॉर्वेच्या बाबतीत ती ‘एनआरके’ आहे. पुढच्या वर्षीचे यजमानपद प्रथेप्रमाणे तिच्याकडेच आले आणि १९८६ सालची स्पर्धा बर्गन शहरातील ग्रीगहालेन या सभागृहात झाली. लोकांच्या स्मरणात मात्र गायकच राहतात, आणि रचनाकाराकडे दुर्लक्ष होते याची मला खंत वाटते.

‘ला दे स्विंगे’चे शब्द आणि चाल दोन्ही रोल्फ लोव्हलांड यांची. दहा वर्षांनी, १९९५ साली, ते स्वतःच एका जोडीचा भाग होऊन पुन्हा जिंकले. आयरिश व्हायोलिनवादक फिनुआला शेरी यांच्यासह त्यांनी स्थापन केलेल्या ‘सीक्रेट गार्डन’ने त्या वर्षी नॉर्वेतर्फे ‘नॉक्टर्न’ सादर केले. त्यात शब्द होते अवघे २४, बाकी सारे वाद्यसंगीत. नाचायला लावणारे गाणे आणि जवळजवळ निःशब्द अशी ती संथ रचना एकाच माणसाने केली, हे माहीत नसेल तर ऐकून खरे वाटत नाही. पुढे जगभर गाजलेल्या ‘यू रेझ मी अप’ या गीताची चालही त्यांचीच. त्याचे शब्द लिहिणारे आयर्लंडचे ब्रेंडन ग्रॅहम यांनीही ही स्पर्धा गीतकार-संगीतकार म्हणून दोनदा जिंकली आहे, आणि त्यांपैकी १९९४ सालचे गाणे पॉल हॅरिंग्टन आणि चार्ली मॅकगेटिगन या जोडीनेच, केवळ पियानो आणि गिटारच्या साथीवर, गायले होते.

प्रश्न (एक वाचक, पणजी) : ‘बॉबीसॉक्स’ने इंग्रजीत न गाता नॉर्वेजियन भाषेत गाण्याचा धाडसी निर्णय का घेतला?

उत्तर : तो त्यांचा निर्णय नव्हता. १९७७ ते १९९८ या काळात प्रत्येक देशाने आपल्याच एखाद्या राष्ट्रीय भाषेत गायले पाहिजे, असा स्पर्धेचा नियम होता. १९९९ पासून भाषेचे बंधन उठले. ‘लेट इट स्विंग’ हे इंग्रजी रूप या जोडीने स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केले आणि ब्रिटनच्या विक्री-यादीत ते ४४ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. आपण दोन्ही रूपे ऐकावीत, पण आधी नॉर्वेजियन ऐकावे, असे मी सुचवेन. चाल त्याच शब्दांसाठी बांधलेली आहे.