‘बहिरे प्रशासन’ असे लिहावे का?

प्रश्न असा आहे : मुंबईतील एका उपनगरी स्थानकावरची लिफ्ट बरेच दिवस बंद असल्यामुळे प्रवासी संघाने निवेदन तयार केले आणि त्याला ‘बहिऱ्या प्रशासनाला जाग कधी येणार?’ असा मथळा दिला. संघातल्याच एका कर्णबधिर सदस्याने त्यावर हरकत घेतली. वाक्प्रचार इतका रूढ असताना ही हरकत मान्य करावी का, आणि केल्यास पर्याय कोणता?

हरकत पूर्णपणे योग्य आहे, आणि ती केवळ सौजन्य म्हणून नव्हे, तर अर्थाच्या कसोटीवरही योग्य आहे. ज्याला ऐकू येत नाही तो ऐकण्याचे टाळत नसतो. समोरच्याच्या ओठांकडे, हातांकडे, चेहऱ्याकडे त्याचे बारीक लक्ष असते. प्रशासनाने मात्र तक्रार ऐकलेली असते, तिची पोचही दिलेली असते आणि तरीही ते हलत नाही. या जाणूनबुजून केलेल्या हेळसांडीला बहिरेपणाचे नाव दिले, की दोष अधिकाऱ्याचा राहतो आणि बट्टा कर्णबधिरांना लागतो. या निवेदनात तर, लिफ्ट बंद असल्याने ज्यांची सर्वाधिक अडवणूक होते त्या अपंग प्रवाशांची बाजू मांडताना, अपंगत्वच दूषण म्हणून वापरले गेले आहे.

‘आंधळा कारभार’, ‘लंगडी सबब’ आणि वृत्तपत्रांचा आवडता ‘धोरणलकवा’ यांनाही हेच लागू होते. ‘मुका मार’ मात्र मी या यादीत घालणार नाही, कारण तेथे ‘मुका’ म्हणजे वरून न दिसणारा, एवढाच अर्थ आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ नुसार अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे हा सहा महिने ते पाच वर्षे कारावासाचा गुन्हा आहे. असा मथळा त्या कलमात बसणार नाही, हे खरे. पण चित्रपटांतील अपंगांच्या चित्रणाविषयी २०२४ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने शब्दांतून संस्थात्मक भेदभाव जोपासला जातो असे नोंदवले आहे, आणि ते निवेदने लिहिणाऱ्यांनीही मनावर घ्यावे असे मला तळमळीने वाटते.

पर्यायांची मराठीत वाण नाही. ‘डोळेझाक करणे’, ‘या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणे’, ‘झोपेचे सोंग घेणे’ या सर्वांत क्षमता असूनही केलेली टाळाटाळ नेमकी येते. ‘लंगडी सबब’ऐवजी ‘तकलादू सबब’, ‘धोरणलकवा’ऐवजी ‘निर्णयांची चालढकल’ म्हणता येईल. तुमच्या मथळ्यासाठी ‘झोपेचे सोंग घेतलेले प्रशासन लिफ्ट कधी सुरू करणार?’ हे मला सर्वांत नेमके वाटते.

निवेदनाच्या मजकुरात ‘मूकबधिर प्रवासी’ असे लिहिले असल्यास तेही ‘कर्णबधिर’ असे करावे. वाचा व श्रवण दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांना प्रशिक्षण दिले जाते. ज्यांची अशी स्वतंत्र भाषा आहे, त्यांना मुके म्हणण्याला आधार उरत नाही.