तुझी लाल गाडी आणि आपला घाट

इंदूर

चि. लाडके,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो पोचले. उंच कमानींच्या पुलावरची लाल गाडी, ते निळं वाफेचं इंजिन, जपानी गाडीचं गोलमटोल नाक. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. पहिल्या पगारातून परदेशातल्या गाड्या बघायला जायचे पैसे साठवते आहेस हे वाचून तर मला तुझा हेवाच वाटला. फक्त शेवटची ओळ टोचली: "मावशी, आपल्याकडे आता बघायला उरलंय काय? मीटर गेजही गेली."

अगं, त्या लाल गाडीच्या चाकांखाली पाहिलंस का? ती स्वित्झर्लंडची रेटियन रेल्वे. तिच्या दोन रुळांमधलं अंतर किती, सांग बरं. एक मीटर! आपल्या महूच्या गाडीचं होतं तेवढंच, मिलिमीटरचाही फरक नाही. तू जिचा फोटो फोनवर लावून ठेवला आहेस, ती आपल्या गाडीची चुलत बहीण आहे. माझे बाबा मीटर गेजवर गार्ड होते, त्यामुळे मी जरा भाव खाऊन बोलते आहे, तेवढं चालवून घे.

आता तो पूल. लांडवासर म्हणतात त्याला. उंची ६५ मीटर, गाडी त्यावर वळणातच असते आणि पलीकडच्या टोकाला थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते. फोटोत हे सगळं आलंय. पण गाडी इतकी का वळते, हे तुला विचारावंसं वाटलं नाही. अरुंद रूळ असले की वळण आवळता येतं. वळण आवळलं की डोंगर कमी फोडावा लागतो, आणि डोंगर कमी फोडला की खर्च आटोक्यात राहतो. आपली खंडवा–इंदूर लाइन, म्हणजे होळकरांची रेल्वे, तिचं गणित याहून फार वेगळं नव्हतं. तुकोजीराव होळकरांनी १८७० साली या लाइनसाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, तेही १०१ वर्षांच्या मुदतीवर! (आमच्या बँकेत असा कर्जदार आला असता तर मॅनेजरने आधी पाणी पाजून बसवलं असतं.) खंडव्याहून निघालेली ती लाइन नर्मदा ओलांडून, घाट चढून १८७८ मध्ये इंदूरला पोचली.

घाट म्हणजे पाताळपाणी ते काळाकुंड, जेमतेम साडेनऊ किलोमीटर. माळव्याचं पठार तिथे संपतं आणि गाडी निमाडात उतरते. चढ चाळीसाला एक, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आकडा किरकोळ वाटतो ना? लोखंडी रुळावर लोखंडी चाक असतं तेव्हा चाळीसाला एक म्हणजे खडी चढण असते. म्हणून काळाकुंडला गाडीच्या पाठीमागे दुसरं इंजिन लावत. त्याला बँकर म्हणायचे. पुढचं ओढतंय, मागचं रेटतंय, आणि ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या शेवटच्या डब्यात, बसलेल्या बाबांच्या कानाशी त्या मागच्याची धडधड. निवृत्तीनंतरही ते पंख्याचा आवाज बदलला की झोपेतून उठत.

हे डोक्यात ठेवून आता बर्निनाकडे बघ. त्याच लाल गाड्यांच्या या मार्गावर चढ काही ठिकाणी चौदाला एक आहे आणि मध्ये दातेरी पट्टी नाही! नीलगिरीच्या गाडीला बाराला एक चढाव चढायला दातेरी पट्टी लागते, तिच्या दात्यांत इंजिनाचं चक्र अडकतं तेव्हा ती वर सरकते. मग बर्निना कशी चढते? ती लाइन पहिल्या दिवसापासून विजेवर चालणारी. मोटरी डब्याखाली, चाकांना जोडलेल्या, त्यामुळे गाडीचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडतं आणि चाक रूळ धरून राहतं. वाफेच्या इंजिनाला कोळसा आणि पाण्याचं ओझं स्वतःच वाहावं लागतं. योगायोग असा की ही स्विस लाइन आणि आपली कालका–शिमला, दोघींनाही जागतिक वारशाचा मान एकाच वर्षी मिळाला, २००८ साली.

त्याच मार्गावर ब्रुसिओला नऊ कमानींचा गोल पूल आहे. गाडी पूर्ण वेढा घेते आणि स्वतःच्याच रुळांखालून निघून जाते. जगभरचे लोक तिथे तिपाया लावून उभे असतात. असाच वेढा आपल्या खंडवा–अकोला मीटर गेजवर मेळघाटच्या जंगलात होता, धुळघाटला. अकोल्याला आत्याकडे जाताना आम्ही पोरं खिडकीतून आपलीच लाइन खाली बघायचो आणि ओरडायचो. तिथे तिपाई लावून कुणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही. तो मार्ग आता बंद आहे. दुःख आहेच, पण मी त्यावर पानं भरणार नाही.

निळं इंजिन म्हणजे इंग्लंडचं मॅलार्ड. ३ जुलै १९३८ रोजी ते ताशी १२६ मैल धावलं, आपल्या हिशेबात सुमारे २०३ किलोमीटर. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. तू तेवढंच लिहिलंस. पुढचं मी सांगते. हा विक्रम उतारावर झाला. त्यात कमीपणा काही नाही, पण ते माहीत असावं. दुसरं म्हणजे, या इंजिनाच्या मधल्या सिलिंडरच्या दांड्याचं बेअरिंग तापण्याची भीती होती, म्हणून तिथे बडीशेपेसारख्या वासाची कुपी बसवलेली होती. बेअरिंग तापलं की कुपी फुटणार आणि ड्रायव्हरला वासावरून कळणार. बेअरिंग खरंच तापलं. विक्रमवीर इंजिन पीटरबरोला गाडीपासून सोडवावं लागलं आणि उरलेला प्रवास दुसऱ्या इंजिनाने केला. मला तर त्या आकड्यापेक्षा ही बडीशेपच जास्त आवडते. जेवणानंतर मुखवास घेताना हटकून मॅलार्ड आठवतं.

जपानी गाडीबद्दल, म्हणजे त्यांच्या बुलेट ट्रेनबद्दल, थोडक्यात. तिथली जुनी लाइन १०६७ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ आपल्या मीटर गेजसारखीच, वळणावळणाची. त्यांनी तिच्यावर वेग वाढवण्याचा हट्ट धरला नाही. शेजारून १४३५ मिलिमीटरची नवी, सरळ लाइन टाकली, वाटेत एकही फाटक ठेवलं नाही, आणि १ ऑक्टोबर १९६४ला ताशी २१० किलोमीटरने गाडी सोडली. नाकाचं कौतुक कर, पण निम्मं श्रेय त्या रुळांना दे. ओरिएंट एक्स्प्रेसचा मखमली डबाही तू पाठवला होतास. माझं मन त्यात रमत नाही. मला गाडीत डबा उघडून पोळी-भाजी खाता आली पाहिजे.

तुला सोबतीला जुने शौकीन भेटतील. त्यात वाफेशिवाय बाकी सगळं पत्र्याचे डबे म्हणणारे असतात, त्यांच्याशी वाद घालू नकोस. हळूच 'खेकडा' काढ. स्वित्झर्लंडने गोटहार्डच्या घाटासाठी लांब नाकांची, तीन भागांत वाकणारी विजेची इंजिनं केली, त्यांना तिकडे मगर म्हणतात. त्याच धर्तीची इंजिनं १९२८च्या सुमारास आपल्या बोरघाटात आली, पहिली काही तर स्वित्झर्लंडमध्येच बांधलेली. आपल्या लोकांनी त्यांचं नाव ठेवलं खेकडा! तिकडची मगर सह्याद्रीत आली आणि खेकडा झाली. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात एक ठेवला आहे. परदेशाच्या तिकिटाआधी तो बघून ये.

आणि कान वापरायला शीक. मीटर गेजचा एक रूळ साधारण १२ मीटरचा. सांध्यावर चाक आलं की खट् होतं. ४३ सेकंदांत जितके खट् मोजशील, तितकाच ताशी किलोमीटरमध्ये वेग. बाबांनी मला हे नववीत शिकवलं. ब्रॉड गेजचा, म्हणजे आताच्या रुंद लाइनचा, रूळ १३ मीटरचा, म्हणून तिथे ४७ सेकंद धरायचे. मात्र आता बहुतेक ठिकाणी रूळ लांबच लांब जोडलेले असल्यामुळे मोजायला खटच सापडत नाही. रुळांकडेला चढाच्या पाट्या असतात, त्यांच्यावरचा आकडा वाचत जा. पाताळपाणीला गाडी थांबली की लोक म्हणतात, टंट्या मामांना, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाला, सलामी दिली. उतार लागण्याआधी ब्रेकही तिथेच तपासून घेतात. मामांना नमस्कार कर आणि ब्रेकचा फुस्स आवाजही ऐक.

रुळांवर उतरून फोटो काढायचे नाहीत. पंचवीस वर्षांची असताना मी काळाकुंडजवळ बोगद्याच्या तोंडाशी उभी राहिले होते, शिट्टी ऐकली पण ती कुठल्या बाजूने आली तेच कळेना. भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि गाडी गेली. बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. आठ दिवस बोलले नाहीत.

घाटाचा तेवढा तुकडा अजून जिवंत आहे. ब्रॉड गेजची नवी वाट चढ कमी करायला लांबून वळसा घेते, म्हणून जुना घाट वारसा गाडीसाठी राहिला. पावसाळ्यात ती सुरू झाली की दोन तिकिटं काढते. काळाकुंडला पानात बांधलेला कलाकंद मिळतो, तो माझ्याकडून. येताना चढ लागला की तू मोजायचं, मी बाबांच्या वहीतल्या आकड्यांशी ताडून बघेन. वही बघायला मिळेल, घरी न्यायला नाही.

सेकंदकाटा असलेलं हातातलं घड्याळ आण. फोन चालायचा नाही, तू त्यावर धबधब्याचे फोटोच काढत बसशील.

तुझी,
मावशी